पारलिंगी मान्यवरांचा सत्कार आणि स्त्रीवेष करणाऱ्यांना जागा : सोलापुरातील आयोजकांसाठी

सोलापुरात सत्कारांना तोटा नाही. दहावीच्या गुणवंतांपासून सेवानिवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांसाठी शाल, श्रीफळ आणि हार तयार असतात, आणि आता पारलिंगी व्यक्तींचाही सत्कार करावा असे अनेक संस्था व मंडळांच्या मनात येऊ लागले आहे. हेतू चांगला असतो. तयारी मात्र नेहमीच्याच सत्काराची असते, आणि त्या साच्यात काही गोष्टी बसत नाहीत. अशा कार्यक्रमांच्या मागच्या बाजूला, म्हणजे खुर्च्या मोजणे, मानपत्राचा मजकूर तपासणे आणि पाहुण्यांना एस.टी. स्थानकावरून आणणे या कामांत, काही वर्षे राहिल्यावर जे कळले ते येथे लिहीत आहे. यातील बराचसा भाग स्त्रीवेष करणाऱ्या पुरुषांविषयी आहे, कारण आयोजकांची चूक बहुधा तेथेच होते.

पारलिंगी व्यक्ती आणि स्त्रीवेष करणारी व्यक्ती, जिला आता क्रॉसड्रेसर म्हटले जाते, यांत फरक आहे हे पहिल्याच बैठकीत सर्वांना स्पष्ट करावे. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारी ओळख ज्यांच्या बाबतीत जुळत नाही त्या पारलिंगी व्यक्ती. त्यांत स्त्रिया आहेत तसे पुरुषही आहेत, आणि पारलिंगी पुरुषांची आठवण यादी छापून झाल्यावर होते हा नेहमीचा अनुभव आहे. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्यातील व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी यांच्याबरोबर जोगता हा शब्दही आला. डोक्यावर देवीची मूर्ती असलेला जग आणि हातात परडी घेऊन दारी येणारे यल्लम्माचे जोगते सोलापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेला अनोळखी नाहीत, त्यामुळे हा कायदा आपल्याकडे निमंत्रितांच्या यादीपर्यंत येऊन पोहोचतो. क्रॉसड्रेसर हा शब्द त्या व्याख्येत नव्हता. असा माणूस स्वतःला पुरुषच मानत असतो, अनेकदा संसारी असतो, दिवसभर यंत्रमागावर किंवा दुकानात काम करतो आणि सवड मिळेल तेव्हा साडी नेसतो. त्याला तसे राहणे आवडते एवढेच त्याचे म्हणणे असते. त्याला ‘तुम्ही नक्की कोण’ असे विचारण्याचे आयोजकाला कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी नाल्सा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्याच्या निकालात लिंगभावाची वेशभूषेतून होणारी अभिव्यक्ती ही राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते असे म्हटले आहे. समितीतील एखाद्या सदस्याने ‘यांना कशाला बोलवायचे’ असा प्रश्न काढलाच, तर वाद न घालता हा निकाल त्याच्यापुढे ठेवावा.

खरे तर पुरुषाच्या अंगावरची साडी मराठी माणसाला नवी नाही. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांच्या स्त्रीभूमिकांनी मराठी रंगभूमीची एक पिढी भारून टाकली आणि 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. भारुडात पदर घेणारा पुरुष आणि तमाशातील गवळणीत येणारी मावशी आजही टाळ्या घेतात. मात्र ही कौतुकाची नजर पडदा पडेपर्यंतच टिकते, हेही तितकेच खरे. प्रास्ताविकात या परंपरेचा उल्लेख जरूर करावा, पण बालगंधर्वांना क्रॉसड्रेसर ठरवून मोकळे होऊ नये. ती त्यांची कला होती, आणि नटाची कला व माणसाची घरातील आवड यांची गल्लत केली की दोघांवरही अन्याय होतो.

आता निवड. सत्कार कामाचा असावा, ओळखीचा नव्हे. ‘तृतीयपंथी असूनही’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य मानपत्रात दिसले की तो मजकूर परत पाठवावा. याचे चांगले उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने 2017 साली ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून दिले. अशा व्यक्तीचे मानपत्र लिहिताना त्यांनी निवडणूक कशी लढवली, सरपंच म्हणून कोणती कामे हाती घेतली, ग्रामसभा कशी चालवली हे गावात जाऊन विचारावे आणि तेच लिहावे. त्यांच्या बालपणीच्या हालांवर तीन परिच्छेद आणि कामावर एक ओळ, असे होऊ देऊ नये. शेजारच्या कर्नाटकातील मंजम्मा जोगती यांना जोगती नृत्यासाठी पद्मश्री मिळाली आणि राज्याच्या जानपद म्हणजे लोककला अकादमीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. तमिळनाडूच्या नर्तकी नटराज यांना 2019 साली पद्मश्री मिळाली ती भरतनाट्यमसाठी. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांनी महिला प्रवर्गातून ग्रामपंचायत लढवण्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाने परवानगी दिली आणि 2021 साली त्या निवडून आल्या. या तिघींच्या बाबतीत सांगण्यासारखे आहे ते त्यांचे काम आणि त्यांची चिकाटी. आपल्या शहरात शोधताना मात्र पद्मश्रीच्या उंचीचे कोणी शोधू नये. शिवणकामाचे दुकान चालवणारी, खाणावळ काढून चार जणींना रोजगार देणारी, पदवी पूर्ण करणारी व्यक्तीही त्या मंचावर शोभते. नावे सुचवण्याचे काम पारलिंगी समाजातील व्यक्तींनीच करावे आणि समितीत त्यांची संख्या निदान निम्मी असावी. ज्या गटात गुरु-चेला परंपरा पाळली जाते तेथे गुरूंना आधी भेटून निमंत्रण द्यावे. चेल्याला परस्पर बोलावणे हा त्यांच्याकडे उपमर्द समजला जातो.

निमंत्रणपत्रिकेत कोणता शब्द वापरायचा हे ज्याच्या त्याच्याकडून विचारून घ्यावे. काहींना तृतीयपंथी हा शब्द आपला वाटतो, काहींना पारलिंगी, काहींना किन्नर, आणि पारलिंगी पुरुषांना बहुधा यांतील पहिला शब्द नको असतो. जुने नाव कोठेही छापू नये, कंसातही नाही, आणि आधार कार्डावर अजून जुनेच नाव असले तरीही नाही.

निवेदकाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मराठीत क्रियापदच लिंग सांगून टाकते. ‘व्यासपीठावर येत आहेत’ म्हटले तर एक वेळ निभते, पण ‘ते आले’ की ‘त्या आल्या’ येथे सुटका नाही. म्हणून प्रत्येक सत्कारमूर्तीच्या नावापुढे ‘त्या’ किंवा ‘ते’ असे ठळक अक्षरांत लिहिलेला कागद निवेदकाच्या हातात द्यावा आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. मंचावर अडखळणारा निवेदक दुरुस्ती करायला जातो आणि ती मूळ चुकीपेक्षा जास्त ऐकू येते. सोलापुरात घराघरांत तेलुगू आणि कन्नडही बोलली जाते, आणि तेलुगूतील ‘गारू’ किंवा कन्नडमधील ‘अवरु’ हे आदराचे शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागतात. पाहुणे त्या भाषांचे असतील तर स्वागताची चार वाक्ये त्यांच्या भाषेत केल्याने मानही राखला जातो आणि अडचणही टळते.

सत्कारात काय द्यावे? साडी देऊन खणा-नारळाने ओटी भरायची की शाल पांघरायची, हे आपण ठरवू नये. एखादीला ओटीने डोळे भरून येतील, तर एखादीला तेच नाटकी वाटेल. पारलिंगी पुरुषाला ओटी पुढे करणे तर अपमानच. शंका असेल तेथे सोलापुरी चादर द्यावी. ती कोणाच्याही खांद्यावर शोभते, घरी वापरात येते आणि ज्या गावाने सत्कार केला त्याची खूण राहते. मानधन आणि प्रवासखर्च बंद पाकिटात, मंचामागे, कार्यक्रमापूर्वी द्यावा. सत्कारमूर्तींना नाचायला, टाळी वाजवायला किंवा आशीर्वाद द्यायला सांगू नये. राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारताना मंजम्मांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य देशभर गाजले; पण ते त्यांच्या मनाने घडले होते, कोणी माइकवरून सुचवले नव्हते.

स्त्रीवेष करणाऱ्यांचा प्रश्न येथून पुढे वेगळा होतो. सत्कारमूर्तीला मंच हवा असतो. या माणसांना बहुतेक वेळा फक्त जागा हवी असते. हे आम्हाला फार उशिरा उमगले. एका कार्यक्रमात आम्ही उत्साहाने ‘साडीत आलेल्या सर्वांनी मंचावर यावे’ असे जाहीर केले. सहा जण चढले, टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. त्यांतील एक जण मोरपंखी इरकल नेसून आला होता. निऱ्या इतक्या सारख्या की शेजारच्या बायका वाकून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी तो चेहरा त्याच्या कारखान्यातील सर्वांच्या मोबाइलवर होता. तो पुन्हा कधी आला नाही, आणि त्याला त्या मंचावर नेणारे आम्हीच होतो.

तेव्हापासून आम्ही पाळत असलेली व्यवस्था अशी आहे. सभागृहाला लागून कपडे बदलण्याची एक खोली घ्यावी, जिला आतून कडी, उंच आरसा, पिवळा नव्हे तर पांढरा दिवा आणि पिशव्या अडकवायला खुंट्या असतील. ही माणसे पँट-शर्टमध्ये येतात, खांद्याच्या पिशवीत साडी, परकर, पिना आणि केसांचा टोप असतो, आणि साडी नेसून व्हायला पाऊण तास सहज लागतो. म्हणून खोली कार्यक्रमाच्या दीड तास आधी उघडावी. दारावर कसलीही पाटी लावू नये. किल्ली समितीतील एकाच विश्वासू व्यक्तीकडे असावी. नोंदवहीत खरे नाव किंवा भ्रमणध्वनी क्रमांक मागू नये. ज्या नावाने हाक मारायची तेवढेच विचारावे. बसण्याची जागा वेगळी, कोपऱ्यातील अशी ठेवू नये. त्यांनी प्रेक्षकांत, कोणाच्याही शेजारी बसावे, यातच समावेशाचा बराचसा अर्थ येतो. कोणाला मंचावर येऊन बोलायचे असेल तर त्याने आधी स्वतः सांगावे. आपण आग्रह करू नये. आणि कोणी स्त्रीवेषातही मिशी ठेवून आला, तर त्याकडे पाहून हसणाऱ्याला स्वयंसेवकाने शांतपणे बाहेर चहा पाजावा.

छायाचित्रांसाठी सभागृहाचे दोन भाग करावेत. डावीकडील खुर्च्यांचे छायाचित्र निघणार नाही, उजवीकडील निघू शकेल, हे प्रवेशद्वारापाशी सांगावे आणि निवेदकाने दोनदा जाहीर करावे. पत्रकारांना हा नियम निमंत्रणासोबत लेखी कळवावा. थेट प्रक्षेपण करायचेच असेल तर कॅमेरा फक्त मंचाकडे रोखलेला असावा. सत्कारमूर्तींची छायाचित्रेही त्यांच्या संमतीनेच वापरावीत, कारण मंचावर येणे आणि गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचणे या दोन गोष्टींना दिलेली संमती एकच नसते.

सभागृह ठरवताना भाड्याआधी स्वच्छतागृह पाहावे. हुतात्मा स्मृती मंदिर घ्या किंवा एखाद्या शाळेचे सभागृह, कार्यक्रमापुरते एक स्वच्छतागृह सर्वांसाठी खुले ठेवण्याची व्यवस्थापकांशी आधी बोलणी करून घ्यावी. नाल्सा निकालाचा दिवस म्हणून 15 एप्रिल अनेकांना सुचतो. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी कार्यक्रम ठेवणे म्हणजे पाहुण्यांच्या मेकअपची आणि जिवाची परीक्षा, तेव्हा वेळ सायंकाळचीच धरावी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याची म्हणजे जत्रेची गर्दी असते आणि आषाढीला निम्मा जिल्हा पंढरपूरच्या वाटेवर. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पौर्णिमांना जोगते मंडळी येथे नसतात. राजकीय पाहुणे एकाहून जास्त नकोत, आणि त्यांचे भाषण सत्कारानंतर ठेवावे.

परतीचा प्रवास ठरवल्याशिवाय कार्यक्रमाची वेळ जाहीर करू नये. रात्री नऊनंतर साडीत एकट्याने रिक्षा शोधणे धोक्याचे ठरू शकते. ओळखीच्या तीन-चार रिक्षाचालकांना आधीच सांगून ठेवावे, जवळच्या पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची लेखी सूचना द्यावी आणि त्या पत्राची प्रत स्वयंसेवकांच्या खिशात असावी. आभारप्रदर्शन झाले की मंडपवाले खुर्च्या उचलू लागतात, दिवे मालवले जातात. कपडे बदलण्याच्या खोलीतील दिवा मात्र शेवटचा माणूस साडीची घडी घालून, कपाळावरची टिकली आरशाला चिकटवून, पुन्हा शर्टाची बटणे लावून बाहेर पडेपर्यंत चालू ठेवावा, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने तोवर घरी जाऊ नये.