जुन्या कमर्शियल इमारतीत गीझरला लाइन देताना

गीझर जोडायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते त्याच्या मागचं वायरिंग. नवीन मुलं आधी टाकी भिंतीवर चढवतात, जवळचा पॉइंट पकडतात आणि मग एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) का पडतोय ते शोधत बसतात. सुरुवात नेमप्लेटपासून करा: किती वॅट, किती व्होल्ट, सिंगल फेज की थ्री फेज. २३० व्होल्टवर ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो, ६ किलोवॅटचा २६. शिवाय हा लोड सलग चालतो. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला ३ किलोवॅटला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ वायरमधून पूर्ण करंट जातो. दिव्या-पंख्यांवर वर्षानुवर्षं निभावलेला जॉइंट इथे उघडा पडतो.

२६ अँपिअर चालू असताना एखाद्या स्क्रूखाली ०.१ ओहम रेझिस्टन्स असेल, तर तेवढ्याशा जागी ६८ वॅट उष्णता तयार होते. एमसीबीला पत्ताही लागत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. खूण डोळ्यांना दिसते: टर्मिनलजवळचं इन्सुलेशन तपकिरी पडतं, नखाने दाबलं की टवका निघतो. तिथे नुसता स्क्रू आवळू नका. काळी पडलेली वायर चांगल्या भागापर्यंत कापा आणि नवा लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) क्रिंप करा, म्हणजे दाबून पक्का बसवा. ॲल्युमिनियमची वायर असेल तर जास्त जपायला हवं. ती दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर चढतो. तांब्याशी तिला थेट पीळ मारू नका, बायमेटॅलिक लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) वापरा.

खरं तर डीबीपासून (जिथून सगळी सर्किटं निघतात त्या बोर्डापासून) स्वतंत्र सर्किट ओढणंच बरं. ३ किलोवॅटला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी पुरतो. कॉन्ड्युट आधीच ठासून भरलेला असेल तर ४ चौरस मिलिमीटर घ्या. ६ किलोवॅटला ६ चौरस मिलिमीटर आणि ३२ अँपिअर. आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) डबल पोलच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. जुन्या बोर्डात न्यूट्रलवरही किटकॅट फ्यूज (चिनीमातीचा, तार घालायचा जुना फ्यूज) सापडतो. तो उडाला की गीझर बंद दिसतो, पण एलिमेंटवर फेज तसाच असतो. म्हणून हात लावण्याआधी टेस्टर चालू लाइनवर तपासा, मग इथे पाहा, मग पुन्हा चालू लाइनवर.

जुनी वायर ठेवायचीच असेल तर लोड सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या यंत्राने) तपासा. १ मेगाओहमच्या खाली आली तर वापरू नका. लोखंडी कॉन्ड्युटच्या अर्थिंगवर भरवसा नको, त्याचे जोड गंजलेले असतात. पाण्याच्या पाइपवर तर मुळीच नको; प्लंबरने मध्ये प्लास्टिकचा एक तुकडा टाकला की अर्थिंग संपलं. स्वतंत्र अर्थ वायर ओढा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये फरक पडला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. गीझर चालू करताच तो पडला तर लगेच एलिमेंटला दोष देऊ नका. जुन्या इमारतीत दोन सर्किटांचा न्यूट्रल एकच असणं नेहमीचं आहे, आणि त्यानेही आरसीसीबी पडतो.

थ्री फेजमध्ये एक चूक महाग पडते. २३० व्होल्टची तीन एलिमेंट ४०० व्होल्टवर स्टारमध्ये (प्रत्येकाचं एक टोक एकेका फेजला, दुसरी टोकं एकत्र) जोडायची असतात. डेल्टात (प्रत्येक एलिमेंट दोन फेजच्या मध्ये) जोडली तर तिप्पट वॅट घेतात आणि जळतात. उलट २४० व्होल्टचं ४५०० वॅटचं एलिमेंट २०८ व्होल्टवर लावलं तर जेमतेम ३३८० वॅट देतं. पाणी तापत नाही म्हणून लोक एलिमेंट बदलत राहतात, व्होल्टेज कोणी मोजत नाही.

लाइन चालू करण्याआधी टाकी भरा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि हवेचे फटके थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. कोरडं एलिमेंट बघता बघता जळतं. मग लोड नसताना आणि लोडवर, दोन्ही वेळा गीझरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. २३० चे २१५ झाले तर मध्ये कुठेतरी वायर बारीक आहे किंवा जॉइंट सैल आहे. अर्ध्या तासाने लाइन बंद करून, टेस्टरने खात्री करून डीबीचं झाकण काढा आणि गीझरच्या एमसीबीचा स्क्रू शेजारच्यापेक्षा गरम लागतो का ते पाहा.