जवळच्या ओढ्याची तब्येत आपली आपण कशी तपासायची

किट आणलं, पाणी तपासलं, आकडे आले, आता पुढे काय, इथे बरेच जण अडकतात. कारण एका दिवसाचा आकडा एकटा फार काही बोलत नाही. ओढ्याचं पाणी सकाळी वेगळं असतं दुपारी वेगळं, पाऊस पडला की अजून वेगळं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की महागडं मीटर नसलं तरी चालेल, पण त्याच जागी, साधारण त्याच वेळी, त्याच पद्धतीने निदान महिन्यातून एकदा जायला पाहिजे आणि वर्षभर जायला पाहिजे. वर्षभराच्या साध्या नोंदी एका दिवसाच्या भारी रिपोर्टपेक्षा जास्त कामाच्या असतात.

आधी जागा ठरवा. पाइप, नाला किंवा कुठलं सांडपाणी ओढ्यात येतंय असा संशय असेल तर एक जागा त्याच्या वरच्या अंगाला घ्या आणि एक खालच्या अंगाला. वरची जागा नसेल तर खालचा आकडा कशाशी ताडून बघणार? खालची जागा अगदी पाइपच्या तोंडाशी घेऊ नका कारण बाहेरून आलेलं पाणी लगेच मिसळत नाही, कितीतरी अंतर ते एका काठाला धरून चाललेलं असतं, रंगात फरक असेल तर डोळ्यांनाही दिसतं. दोन्ही जागा शक्यतो सारख्या निवडा, म्हणजे दोन्हीकडे खळखळ किंवा दोन्हीकडे डोह, नाहीतर तुम्ही प्रदूषण मोजताय का जागेतला फरक मोजताय तेच कळणार नाही. जमीन कुणाची खाजगी असेल तर विचारून जा. आणि एखादा मोठा धोंडा किंवा झाड पकडून दर वेळी तिथूनच, त्याच दिशेने फोटो काढा, दोन वर्षांनी हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की काठ किती ढासळला, झाडं किती गेली हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून सांगतो. एकटं जायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही, हातात काठी ठेवायची आणि पुढचं पाऊल टाकायच्या आधी तळ चाचपायचा. वर कुठे जोराचा पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सोडतात असा भाग असेल तर त्या दिवशी काठावरूनच परत या, नोंद बुडली तरी चालेल. पायाला हाताला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, लेप्टोस्पायरोसिससारखे आजार अशाच जखमांतून शिरतात. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत.

पोचलात की लगेच बाटली काढू नका. पाच मिनिटं नुसतं बसा, बघा, वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाच्या गाळात ऑक्सिजन संपलाय आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. दगडांवर राखाडी कापसासारखे लोंबते पुंजके दिसले तर सेंद्रिय घाण येतेय, बहुतेक सांडपाणी. फेस दिसला की लोक घाबरतात, पण पालापाचोळा कुजूनही फेस येतो, तो जरासा पिवळट तपकिरी असतो आणि त्याला मातीचा वास येतो, साबणाच्या पाण्याचा फेस पांढराशुभ्र आणि बऱ्याचदा सुगंधी. तसंच इंद्रधनुषी तवंगाचं. काडीने ढवळून बघा, तुकडे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोहजिवाणूंचं काम आहे, नैसर्गिक आहे, आणि परत एकमेकांत मिसळून सलग झाला तर तेल समजा.

आता मोजणी. सगळ्यात आधी पाण्याचं तापमान घ्या कारण बाकीचे आकडे त्याच्यावर अवलंबून असतात, विशेषतः विरघळलेला ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला पाण्यात साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो आणि ३० अंशाला साधारण ७.५ च. म्हणजे उन्हाळ्यात आकडा उतरला म्हणून लगेच प्रदूषण असं नसतं, गरम पाण्यात मुळात मावतोच कमी. ५ च्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास व्हायला लागतो, २ च्या आसपास फार थोडे जीव तग धरतात. माझ्याकडून सुरुवातीला एक मोठी चूक झाली होती, काही महिने मी सकाळी सातला जायचो, मग वेळ बदलली आणि दुपारी दोनला जायला लागलो, आणि ऑक्सिजन छान वाढताना दिसला, मला खरंच वाटलं ओढा सुधारतोय. प्रत्यक्षात पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडत होतं आणि रात्रभर तोच परत वापरत होतं. पहाटे आकडा सगळ्यात कमी असतो, दुपारनंतर सगळ्यात जास्त, आणि शेवाळ जितकं जास्त तितका हा झोका मोठा. त्या नोंदी मला तुलनेतून बाजूला काढाव्या लागल्या, म्हणून तारखेबरोबर वेळ लिहाच आणि वर्षातून एकदोनदा तरी मुद्दाम पहाटे जाऊन मोजा, ऑक्सिजन कमी पडून माशांचा जीव जातो तो बहुतेक त्याच वेळी.

पीएच म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय का अल्काकडे याचा आकडा, तो साधारण ६.५ ते ८.५ मध्ये असेल तर चिंता नाही, पण तुमच्या ओढ्याचा नेहमीचा आकडा काय आहे ते जास्त महत्त्वाचं. नेहमी ७.४ असणारा एक दिवस ८.४ दाखवत असेल तर मर्यादेत असूनही काहीतरी घडलंय, मग ते शेवाळ असेल किंवा वरून काही सोडलं असेल. विद्युत वाहकता म्हणजे कंडक्टिव्हिटी हे माझं सगळ्यात आवडतं मोजमाप, मीटर पेनाएवढं, दोन मिनिटांचं काम. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितका आकडा जास्त. खडक मातीप्रमाणे प्रत्येक ओढ्याचा आकडा वेगळा असतो म्हणून दुसऱ्या ओढ्याशी तुलना करू नका, पण वरच्या जागी ३०० मायक्रोसीमेन्स आणि खाली ७०० आला तर मधे काहीतरी येऊन मिसळतंय हे नक्की, मग काठाने चालत मोजत जा, आकडा जिथे उडी मारतो तिथे शोधा. मीटर कुठलंही असो, निघायच्या आधी कॅलिब्रेट करा, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेल्या द्रावणात बुडवून मीटर जुळवून घ्या, पीएचला ७ चं बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) आणि त्याबरोबर ४ किंवा १० चं, वाहकतेला बहुधा १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण वापरतात. कॅलिब्रेट न केलेल्या मीटरचा आकडा लिहूच नका. गढूळपणासाठी तळाशी काळीपांढरी चकती असलेली लांब पारदर्शक नळी मिळते, ती भरायची आणि वरून बघत खालून पाणी सोडत जायचं, चकती दिसायला लागली की उंची लिहायची. नायट्रेट फॉस्फेटच्या पट्ट्या फक्त अंदाजाला ठीक, बारीक फरक त्यात कळत नाही.

नमुना बाटलीत घ्यायचा असेल तर प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा म्हणजे तुमच्या पायाने उठलेला गाळ मागे जातो, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, मग तोंड पाण्याखाली धरून मधल्या धारेतून भरा, वरचा तरंगता कचरा नको आणि तळाची मातीही नको. ऑक्सिजनच्या बाटलीत एकही बुडबुडा राहता कामा नये. जिवाणू तपासायचे असतील तर मात्र नियम उलटे, निर्जंतुक बाटली विसळायची नाही, वर थोडी हवा सोडायची, बर्फात ठेवायची आणि शक्यतो सहा तासांत लॅबला पोचवायची. अधूनमधून एकाच जागेचे दोन नमुने घ्या, दोघांचे आकडे जवळ आले नाहीत तर गडबड पद्धतीत आहे. दोन जागा करायच्या असतील तर आधी खालची करा मग वरची, म्हणजे तुम्हीच उडवलेला गाळ तुमच्या पुढच्या नमुन्यात येत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, दगडाखालचे किडे. बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं, रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत वाहून गेली तर बाटलीला पत्ता लागत नाही, पण दगडाला चिकटलेला किडा तिथेच असतो, काही तर महिनोन् महिने, आणि त्या रात्रीत तो जगला का मेला हे तिथे गेल्यावर दिसतं. खळखळत्या उथळ भागात जाळी तळाला टेकवून धरायची, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून पायाने तळ ढवळायचा, दगड हाताने चोळायचे, एकूण तीन मिनिटं. दर वेळी तीनच मिनिटं, घड्याळ लावून. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओढ्याच्याच पाण्यात उपडं करायचं आणि थांबायचं. सुरुवातीला नुसता कचरा दिसतो, मिनिटभराने तो हलायला लागतो, आणि लहान मुलं सोबत असतील तर इथून पुढे त्यांना आवरणं अवघड.

ओळख अशी करायची. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडतायत आणि बहुधा तीन शेपट्या, ती मेफ्लाय. दोन शेपट्या, पोटाला कल्ले नाहीत, पायाला दोन नख्या, ती स्टोनफ्लाय. वाळूची किंवा पानांच्या तुकड्यांची नळी करून आत राहणारी अळी म्हणजे कॅडिसफ्लाय. हे तिन्ही गट भरपूर आणि वेगवेगळ्या जातींचे मिळाले तर पाण्याला ऑक्सिजन चांगला आहे. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच पण सडपातळ किडा) यांची पिल्लं मधल्या गटातली, म्हणजे थोडीफार घाण सोसणारी, टाचणीच्या शेपटाला तीन पानं असतात, चतुराचं पिल्लू जाडजूड असतं आणि मागून पाणी सोडून पुढे उसळतं. नुसत्या लालभडक अळ्या, बारीक लाल गांडुळं आणि जळवा एवढंच मिळालं तर काळजीचं आहे, त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं आणि कमी ऑक्सिजनवरही त्या भागवतात. मात्र लाल अळी दिसली म्हणून निकाल देऊ नका, त्या चांगल्या पाण्यातही असतात, बाकीचे गायब आहेत का ते बघायचं.

गुण द्यायचे असतील तर ब्रिटनमधली बीएमडब्ल्यूपी पद्धत समजायला सोपी आहे, किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, गांडुळांना १, बहुतेक स्टोनफ्लायना १०, बेरीज करायची आणि कुळांच्या संख्येने भागायचं. पण ती थंड हवेच्या नद्यांवर बेतलेली आहे. सपाटीच्या कोमट ओढ्यात स्टोनफ्लाय मुळातच कमी असतात, त्या नाहीत म्हणून ओढा खराब ठरवणं चुकीचं, तुमच्या भागातल्या तशाच पण चांगल्या ओढ्याशी ताडून बघा. काम झालं की सगळे जीव परत सोडायचे, दगड होते तसेच ठेवायचे, आणि दुसऱ्या ओढ्यावर जायच्या आधी जाळी आणि बूट धुवून पूर्ण वाळवायचे, नाहीतर एका पाण्यातले रोग आणि परके जीव आपणच दुसरीकडे नेऊन पोचवतो.

अधिवास म्हणजे राहायची जागा, ती बघितल्याशिवाय वरचे आकडे अर्धवट. पाणी चांगलं असूनही किडे नसतील तर बहुतेक वेळा गाळाने दगडांमधल्या फटी बुजलेल्या असतात. दगड उचलून बघा, सहज निघतो का चिखलात रुतून बसलाय, किती रुतलाय. काठाने चालताना खळखळ, संथ धार आणि डोह असे तिन्ही प्रकार आहेत का, सावली किती, काठाला मुळं धरून आहेत का माती उघडी पडलीय, पडलेली लाकडं पात्रात आहेत का, ते लिहा. ही लाकडं कचरा समजून काढू नका, माशांचा आडोसा तोच असतो. शंभर पावलांत पायाच्या बोटापाशी येणारा एकेक खडा न बघता उचलून मोजला तर तळात वाळू किती, गोटे किती हे नीट कळतं, ही रीत १९५४ पासून चालत आलीय.

प्रवाहही मोजा. १० मीटर अंतर आखून एखादं संत्रं सोडा, समजा २० सेकंद लागली, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. पात्र ३ मीटर रुंद आणि सरासरी ०.२ मीटर खोल असेल तर ३ × ०.२ × ०.५ = ०.३, आणि पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचं, म्हणजे सेकंदाला साधारण २५५ लिटर. तीनदा सोडून सरासरी घ्या.

मासे मेलेले दिसले किंवा पाण्याचा रंग अचानक बदलला तर वाट बघू नका, फोटो, वेळ आणि जागा नोंदवून तिथूनच संबंधित खात्याला फोन करा. तुमचा नमुना पुरावा म्हणून धरतीलच असं नाही, त्यांना त्यांचा नमुना घ्यावा लागतो आणि घाण काही तासांत वाहून जाते. फोन करताना मागच्या वर्षांची वही जवळ असू द्या, या महिन्यात इथे दर वर्षी किती असतं आणि आज किती आहे हे दोन आकडे सांगता आले की समोरचा माणूस नीट ऐकून घेतो.