धुरावलेली गाभोळी: निवड, कृती आणि पानातली जागा

बडोद्याच्या मराठी घरांत गाभोळी, म्हणजे माशाच्या अंड्यांची पिशवी, आली की ती हळद, तिखट, मीठ लावून आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर जाते, आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र माशाच्या अंड्यांना मीठ लावून धूर देण्याची जी रीत उत्तर युरोपात रुजली आहे, ती थोड्या फेरफाराने आपल्याही स्वयंपाकघरात उत्तम बसते, हा माझा अनेक पावसाळ्यांचा अनुभव आहे. हा फेरफार का करावा लागतो, ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

ब्रिटन आणि नॉर्वेकडे कॉड माशाची गाभोळी अखंड पिशवीसकट मिठात मुरवतात आणि मग तिला कित्येक तास थंड धूर देतात. थंड धूर म्हणजे ज्यात धुराचे तापमान साधारण ३० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे अंडी शिजत नाहीत, मऊसर राहतात. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात हवा दमट व उबदार असते. अशा हवेत कच्ची गाभोळी तासन्‌तास उबदार धुरात टांगून ठेवणे म्हणजे जंतूंना पंगतीला बसवण्यासारखे आहे. म्हणून घरी करायची ती पद्धत अशी: आधी मीठ, मग वाफ आणि शेवटी धूर. आपल्याकडे धूर हा चवीसाठी असतो. टिकवण्याचे काम मीठ आणि थंडावा करतात, आणि तेही मोजक्याच दिवसांपुरते.

हे मी ऐकून लिहीत नाही. सुरुवातीच्या एका वर्षी, श्रावणाच्या तोंडावर, मी धूर दिलेली गाभोळी रात्रभर ओट्यावर झाकून ठेवली, कारण धुरावलेला पदार्थ टिकतो अशी माझी समजूत होती. सकाळी झाकण उघडले तेव्हा वरचा पापुद्रा चिकट झाला होता आणि वास आंबूस येत होता. सगळी गाभोळी टाकून द्यावी लागली. तेव्हा आत्या म्हणाली होती, “अगं, धूर वरवरचा असतो, आतपर्यंत जातं ते मीठ.” पुढे मी जी पद्धत बसवली, ती या एका वाक्यावर उभी आहे.

आता खरेदी. पावसाळ्यात भाद्रपदापर्यंत नर्मदेच्या मुखाकडे, भरूचजवळच्या भाडभूतच्या पट्ट्यात, पाला मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढतो. गुजरातीत त्याला चाकसी म्हणतात, आपल्याकडे कुणी भिंगही म्हणतात. त्याची गाभोळी स्निग्ध आणि दाट चवीची असते, धुराला सर्वांत चांगला प्रतिसाद तीच देते. पण अंडी घालायला निघालेली प्रत्येक मादी ताटात आली तर नदीत पुढच्या वर्षी काय उरणार, हा विचार मला पडतो. म्हणून पाल्याची गाभोळी मी वर्षातून एखाद्याच वेळी घेते आणि एरवी वेरावळहून बर्फात येणाऱ्या समुद्री माशांची, किंवा पावसाळ्यात सहज मिळणाऱ्या रोहू-कटल्याची वापरते. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजी समुद्री गाभोळी म्हणून कुणी काही पुढे केले तर ते बर्फातले जुने नाही ना, हे विचारून घ्यावे.

गाभोळी जोडीने असते, दोन लांबट कप्पे एका टोकाशी जुळलेले. पापुद्रा अखंड, ताणलेला आणि चकचकीत असावा, त्यावरच्या लाल शिरा स्पष्ट दिसाव्यात. बोटाने हलकेच दाबल्यावर ती घट्ट लागली पाहिजे. खड्डा तसाच राहिला किंवा बोटाला पाणी लागले तर घेऊ नये. रंग माशागणिक फिकट पिवळ्यापासून केशरीपर्यंत बदलतो, त्यावरून ताजेपणा ठरत नाही, वासावरून ठरतो: ताज्या गाभोळीला समुद्राचा किंवा नदीचा सौम्य वास येतो, झोंबणारा, अमोनियासारखा नाही. एखाद्या ठिकाणी हिरवट डाग दिसला तर साफ करताना पित्ताची पिशवी फुटलेली आहे असे समजावे. तेवढा भाग कापून टाकला नाही तर सगळे कडू होते. आणि ज्या माशाची ओळख पटलेली नाही, त्याची गाभोळी कधीही घेऊ नये. केंड माशाच्या अंड्यांत असणारे विष उकळून, तळून किंवा धूर देऊन जात नाही.

मिठाचे माप डोळ्यांनी घेऊ नये, वजनकाट्यावर घ्यावे. गाभोळी वाहत्या पाण्याखाली न धरता, थंड पाण्याच्या भांड्यात अलगद बुडवून धुवावी आणि सुती कापडावर टिपून घ्यावी. मोठ्या शिरा सुईच्या टोकाने टोचून, सुरीच्या बोथट बाजूने रक्त एका टोकाकडे सारून काढून टाकावे. हे काम वेळखाऊ आहे, पण रक्त राहिले तर धुरानंतर तिथे काळे पट्टे दिसतात आणि चव लोखंडासारखी लागते. मग वजन करावे. २५० ग्रॅम गाभोळीला ६ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम बारीक केलेला गूळ पुरतो, म्हणजे मीठ सुमारे अडीच टक्क्यांच्या आत राहते. हे मिश्रण सर्व बाजूंनी लावून गाभोळी झाकणाच्या काचेच्या भांड्यात घालून फ्रीजमध्ये १२ तास ठेवावी आणि मधे एकदा उलटावी. सुटलेले पाणी फेकून द्यावे, गाभोळी पुन्हा धुवू नये.

पुढची पायरी वाफेची. एकदा मी घाईने गाभोळी थेट उकळत्या पाण्यात सोडली आणि पापुद्रा फुटून सगळी अंडी पाण्यात विखुरली, एका क्षणात पातेले भरले. तेव्हापासून मी ती केळीच्या पानात गुंडाळते, हळदीचे पान मिळाले तर त्याहून छान, आणि दोऱ्याने सैल बांधून मोदकपात्रात मध्यम आचेवर १५ मिनिटे वाफवते. जोडी जाड असेल तर २० मिनिटे लागतात. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ७० अंश दिसले पाहिजेत. नसेल तर एक टोक कापून पाहावे, आतला भाग चिकट, पारदर्शक न राहता एकसारखा अपारदर्शक आणि रवाळ झालेला हवा. वाफवून झाल्यावर पान काढून गाभोळी जाळीवर ठेवावी आणि निवली की फ्रीजमध्ये उघडीच दोन-तीन तास सुकवावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओल्या पृष्ठभागावर धूर नीट बसत नाही, डागाडागांनी बसतो आणि कडवट लागतो. हात लावल्यावर पापुद्रा किंचित चिकटसर पण कोरडा लागला की तयारी झाली असे समजावे.

धुरासाठी जाड लोखंडी कढई घ्यावी. तळाशी अॅल्युमिनियमच्या फॉइलचा चौकोन ठेवून त्यावर दोन चमचे आंब्याच्या लाकडाचा कोरडा भुसा किंवा करवंटीचे बारीक तुकडे पसरावेत. रंग दिलेले, प्लायवूडचे किंवा राळ असलेले चिडाचे लाकूड मुळीच वापरू नये, त्याचा धूर कडू आणि घातक असतो. वर जाळी, जाळीवर गाभोळी, आणि झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून बंद. आधी मध्यम आच ठेवावी; झाकणाच्या कडेतून पहिला निळसर धागा निघाला की आच अगदी मंद करून १२ मिनिटे, मग गॅस बंद करून १० मिनिटे न उघडता ठेवावे. धूर निळसर, पातळ हवा. दाट पांढरा किंवा पिवळट धूर येऊ लागला तर आच जास्त आहे. लाकडातले लिग्निन धुमसताना जी फिनॉल वर्गातली द्रव्ये निघतात, त्यांनी धुराचा तो ओळखीचा गोडसर वास येतो आणि स्निग्धांश लवकर खवट होत नाही. पण त्याच धुरात बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्येही असतात, आणि जळणाऱ्या लाकडाची ज्वाला किंवा आचेवर गळणारी चरबी त्यांचे प्रमाण वाढवते. म्हणून फॉइल, म्हणून मंद आच, आणि म्हणून हा पदार्थ रोजच्या पानातला नाही.

कढईचा खटाटोप नको असेल तर निखाऱ्यावर तूप सोडून झाकण ठेवायची आपली नेहमीची धुरी चालते. डाळीला किंवा वांग्याच्या भरताला देतो तीच. दहा मिनिटांत सुगंध येतो, रंग येत नाही. हे काम मी गच्चीत करते, आणि आमच्या इमारतीत शाकाहारी शेजारी अधिक असल्यामुळे आधी विचारून करते. बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात ते करूच नये.

तयार गाभोळी फ्रीजमध्ये चार अंशांच्या खाली, झाकून, तीन दिवस राहते. त्याहून अधिक काळ हवी असेल तर फांकी करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवावी. अंडी थोडी रवाळ होतात, भुर्जीला चालतात. निर्वात पाकिटात बंद करून किंवा तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा मोह टाळावा. हवा नसलेल्या जागी वाढणारे बोट्युलिझमचे जंतू असे वातावरण शोधतच असतात, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाहीत.

पोषणाच्या बाजूने गाभोळी फार समृद्ध आहे. निरनिराळ्या माशांच्या कच्च्या गाभोळीचे सरासरी प्रमाण १०० ग्रॅमला सुमारे १४० कॅलरी, २२ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम स्निग्धांश असे धरतात. बी-१२ जीवनसत्त्व १० मायक्रोग्रॅम असते, आणि प्रौढाची दिवसाची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे ४० ग्रॅमची फोड दिवसाची गरज भागवूनही पुरते. ड जीवनसत्त्व, सेलेनियम, कोलीन आणि ओमेगा-३ आम्ले हेही चांगल्या प्रमाणात मिळते. दुसऱ्या बाजूला १०० ग्रॅमला ३७० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल आहे, आणि मीठ तर आपण स्वतःच घातलेले आहे. वरच्या मापाने ४० ग्रॅममध्ये साधारण एक ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. त्या दिवशी पापड-लोणचे बाजूला ठेवावे. बाजारच्या पदार्थात मीठ बरेच अधिक असते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा संधिवातातला युरिक अॅसिडचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावे. गरोदर स्त्रियांनी थंड धुराची, न शिजवलेली गाभोळी खाऊ नये, कारण लिस्टेरिया हा जंतू फ्रीजमध्येही वाढतो. माशाची अॅलर्जी नसली तरी अंड्यांची असू शकते, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याला छोटी फोड द्यावी.

खायची कशी, हा माझ्या आवडीचा भाग. सर्वांत सोपे म्हणजे गरम भात, त्यावर साजूक तूप आणि वर बोटांनी कुस्करलेली धुरावलेली गाभोळी. मीठ वेगळे घालायचे नाही, लिंबाचे चार थेंब पिळायचे. भुर्जी करायची असेल तर कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर तेलावर परतून घ्यावी आणि गाभोळी अगदी शेवटी, आच बंद केल्यावर मिसळावी, नाहीतर ती कोरडी भुसभुशीत होते. थंडीत बडोद्याच्या बाजारात हिरवी लसूण येते, तेव्हा फ्रीझरमधल्या फांकी काढून पांढऱ्या लोण्यात हलकेच गरम कराव्यात, वर हिरवी लसूण बारीक चिरून घालावी आणि बाजरीच्या रोटल्याबरोबर खाव्यात. लोण्याचा मऊपणा मिठाला आवरतो आणि लसणीचा तिखटपणा धुराला उठाव देतो.

ग्रीक स्वयंपाकात ‘तारामा’ म्हणजे खारवलेली माशाची अंडी, आणि ती भिजवलेला पाव, लिंबू व ऑलिव्ह तेल यांत घोटून केलेले वाटण म्हणजे तारामासलाता. ब्रिटनमध्ये त्यासाठी धुरावलेली कॉडची गाभोळी वापरतात. आपल्याकडे १०० ग्रॅम गाभोळी, बाजू कापून भिजवून पिळलेल्या पावाच्या दोन फोडी, अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडा किसलेला कांदा मिक्सरमध्ये फिरवून, तेल थेंबाथेंबाने सोडत गेले की दाट, फिकट गुलाबी वाटण होते. तेलाऐवजी निम्मा चक्का घातला तर ते हलके होते, घरी मी तसेच करते. स्वीडनमध्ये १९५४पासून ट्यूबमध्ये मिळणारी धुरावलेल्या कॉडच्या अंड्यांची पेस्ट उकडलेल्या अंड्याच्या चकत्यांवर लावतात. आपले वाटण तसेच उकडलेल्या अंड्यावर चमचाभर घालून, वर काळी मिरी भुरभुरून द्यावे. उरलेले वाटण त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावे, आणि पाव ओला असल्यामुळे ते फ्रीझरमध्ये ठेवू नये.