पोटुशी असताना शुगर वाढायचा धोका कुणाला जास्त, आणि तपासणी कधी, कशी करायची

घरात कुणाला शुगर नाही, पोरगी अंगानं बारीक आहे, मग तिला कशाला तपासायचं असं म्हणून आपल्याकडं लै बाया ही तपासणी सोडून देतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. गरोदरपणातली शुगर बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही. थकवा, सारखं लघवीला जाणं हे तर सगळ्याच पोटुशा बायांना होतं, त्यावरून कळणार कसं?

होतं काय, की वारेतून जे हार्मोन सुटतात त्यांच्यामुळं आईचं इन्सुलिन (रक्तातली साखर आवरणारं हार्मोन) नीट काम करत नाही, मग बहुतेकींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन बनवून निभावून नेतं, पण जिला ते पुरत नाही तिची शुगर चढते. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून हा जोर वाढत जातो.

आता घरी बसून आपला धोका बघा. आधी माहेरी फोन लावा आणि आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला शुगर आहे का ते नीट विचारा, सासूसासऱ्यांची शुगर इथं धरत नाहीत. मग वय. पंचविशीनंतर धोका वाढतो, आणि आमच्या मराठवाड्यात लग्नं लवकर होतात म्हणून पहिल्या खेपेला काही निघत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निघू शकतं, तेव्हा "मागच्या वेळी नॉर्मल होतं" यावर बसू नका. दिवस जायच्या आधीचं वजन आठवा, उंची पाच फूट असली तर 53-54 किलोच्या वर आपल्या भारतीय शरीराला जास्तच धरतात, 58 च्या वर असलं तर अजूनच सावध राहा. पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी मागंपुढं होण्याचा त्रास), मानेवर किंवा काखेत काळी जाड कातडी (मळ समजून घासत बसू नका, डॉक्टरला दाखवा), पोटात जुळं, स्टेरॉइडच्या गोळ्या, यातलं काही असलं तरी सांगायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागची बाळंतपणं. आधी शुगर निघालेली असली तर परत निघायची शक्यता बरीच असते. बाळ चार किलोच्या वर झालं होतं का, किंवा पोटातच दगावलं आणि कारण कळलं नाही असं झालं का? गुटगुटीत बाळ झालं म्हणून घरात आनंदच असतो, पण त्यामागं शुगर असू शकते. आणि बाळ गेल्याचं दुःख कुणी परत काढत नाही, तरी सिस्टरला हे सांगाच, माय.

यातलं एकही लागू नाही? तरी तपासायचंच. भारतीय असणं हाच आपला एक धोका आहे, म्हणून सरकारी नियमानं प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते.

तपासणी सोपी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटात प्यायचं, जेवून आलात तरी चालतं, उपाशी राहायची गरज नाही. दोन तासांनी रक्त बघतात, 140 किंवा जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच, आणि ती नॉर्मल आली तर दुसरी 24 ते 28 आठवड्यांत. ही दुसरीच लै जणींची हुकते.

बीड, धारूर, केजकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी तर आधीच हिशोब करावा. शेवटची पाळी 1 जूनला आली असली तर हे आठवडे साधारण 16 नोव्हेंबर ते 14 डिसेंबरला येतात, म्हणजे नेमकं कोयता घेऊन कारखान्यावर असताना. आशाताईला निघायच्या आधी सांगा, माता-बाल कार्ड बरोबर ठेवा आणि कारखान्याजवळच्या पीएचसीत (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात) तपासणी करून घ्या. महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, ती तारीख पकडा. बाळंतपणाला माहेरी जाणारीनं डोहाळजेवणाच्या आधीच ही तपासणी उरकावी आणि रिपोर्ट माहेरी न्यावा.

शुगर निघालीच तर घाबरू नका, पण टाळूही नका, नाहीतर बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अवघड जातं, बीपी वाढतो, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते. बहुतेकींना खाणं आणि चालणं सांभाळून आवरतं. ज्वारीची भाकरी चालते, पण "दोन जीवांची आहेस" म्हणून चार-चार वाढू नका. संगं डाळ, मटकी, पालेभाजी ठेवा, आणि चहात साखरेऐवजी गूळ घालून काही फायदा नाही, तोही साखरच. जेवल्यावर चालावं, जेवणानंतर दोन तासांची शुगर 120 च्या खाली ठेवायची असते. दोन आठवड्यांत नाही उतरली तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात, इन्सुलिन बाळापर्यंत पोचत नाही, बिनधास्त घ्या.

बाळंतपणानंतर शुगर बहुतेक वेळा उतरते, पण पुढं कायमची लागायचा धोका राहतो. दीड महिन्याला बाळाला लस द्यायला जालच, त्याच दिवशी स्वतःचीही ग्लुकोजची तपासणी करून घ्या, नंतर दरवर्षी एकदा, आणि पुढच्या खेपेचा विचार करायच्या आधीही.