वॉर्डातलं इंग्रजी: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या नर्सेससाठी

इंग्रजीच्या परीक्षांपैकी ओईटीत बी ग्रेड मिळाली किंवा आयईएलटीएसमध्ये ७ बँड आले, म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं. हे आधी मनात पक्कं करा, कारण इथल्या पहिल्याच आठवड्यात त्यावरचा विश्वास डळमळतो. मी डर्बीत राहते. इथे सकाळी हँडओव्हर देणारी, म्हणजे पेशंटची माहिती सोपवणारी, नाइटची नर्स दमलेली असते, अर्धे शब्द गिळते, आणि तुमचा कागद भरायच्या आत पुढच्या पेशंटवर गेलेली असते. मिरजेत, सोलापुरात, मुंबईत वर्षानुवर्षं आयसीयू सांभाळलेल्या मुली तिथे गप्प होऊन जातात.

मला वाटतं, खरी अडचण व्याकरणाची नाही. कुठे मऊ बोलायचं आणि कुठे थेट, याचा आपला अंदाज इथे उलटा पडतो. मदत मागताना आपण नकळत हुकूम सोडल्यासारखं बोलतो, आणि पेशंट बिघडतोय हे डॉक्टरांना सांगताना मात्र नको तितकी अदब पाळतो.

आधी मागण्याबद्दल. "जरा ती फाइल देता का", "एवढा बेड धरा ना" असं म्हटलं की मराठीत सगळं आलं. "जरा", "ना" आणि क्रियापदाचं आदराचं रूप ही कामं करतात, वर प्लीज लावावं लागत नाही. घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर उलट परक्यासारखं वाटतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच "यू" असल्यामुळे ही अदब वाक्याच्या रचनेतूनच दाखवावी लागते, आणि ती रचना बहुतेक वेळा प्रश्नाची असते. "गिव्ह मी द चार्ट" यात तुमच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला ते टोचतं. "कुड यू पास मी द चार्ट, प्लीज?", "हॅव यू गॉट अ मिनिट टू हेल्प मी विथ बेड फोर?" असं विचारायची जिभेला सवय लावा. "डू वन थिंग" हे आपलं "एक काम करा" मात्र इथे कुणालाच कळत नाही.

याची दुसरी बाजूही ओळखून ठेवा. सिस्टर तुम्हाला म्हणतील, "डू यू वॉन्ट टू स्टार्ट द ऑब्झ इन बे टू?" (ऑब्झ म्हणजे नाडी, बीपी, ताप वगैरे मोजणं, बे म्हणजे वॉर्डातला काही बेडचा भाग.) ऐकायला ही विचारणा वाटते, पण ते काम तुम्हाला सांगितलेलं आहे. "नो, आय विल डू इट लेटर" असं उत्तर देऊन बसू नका.

हेल्थकेअर असिस्टंटशी बोलताना विशेष जपा. आपल्याकडे मावशींना किंवा वॉर्डबॉयला हाक मारून काम सांगायची सवय असते. इथे त्या बाई त्याच वॉर्डात वीस वर्षं असू शकतात. कुठलं सामान कुठे आहे, कुठला पेशंट कशाने घाबरतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना नावाने हाक मारा, विनंती करा, शिफ्ट संपताना "थँक्स फॉर युअर हेल्प टुडे" म्हणा.

हाक मारण्याचं म्हणाल तर "सर" आणि "मॅडम" सोडून द्या. बरेच डॉक्टर पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. ते जमत नसेल तर "डॉक्टर" म्हणा. सर्जन कन्सल्टंटना इथे डॉक्टर न म्हणता मिस्टर किंवा मिस म्हणायची जुनी प्रथा आहे. आणि आपल्याकडे प्रत्येक नर्सला सिस्टर म्हणतात, तसं इथे नाही. सिस्टर हे वरच्या बँडचं, म्हणजे वरच्या पगारश्रेणीचं, पद आहे, तुम्ही बँड ५ च्या स्टाफ नर्स.

पेशंटकडे गेल्यावर पहिलं वाक्य स्वतःच्या नावाचं. डॉ. केट ग्रेंजर या यॉर्कशरमधल्या, वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला, आणि २०१३ मध्ये पेशंट म्हणून ॲडमिट असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारे अनेक जण आपलं नावही सांगत नाहीत. त्यातून "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम उभी राहिली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण त्या शब्दांचा पिवळा बिल्ला आजही तुम्हाला वॉर्डावॉर्डात दिसेल. तुमचं नाव इथल्या जिभेला कठीण असेल तर हळू सांगा, दोनदा सांगा, पण स्वतःहून "कॉल मी सॅम" करू नका. मग विचारा, "व्हॉट वुड यू लाइक मी टू कॉल यू?" काही आजी-आजोबांना आडनावानेच हाक मारलेली आवडते.

म्हातारी माणसं काय बोलतात हे कळायला थोडा वेळ लागेल. डर्बी-नॉटिंगहॅमकडे "मी डक" (me duck) म्हणजे लाडाने मारलेली हाक. न्यूकॅसलला गेलात तर "पेट" म्हणतील. "स्पेंड अ पेनी" म्हणजे लघवीला जायचंय, "वॉटरवर्क्स" म्हणजे लघवीची तक्रार, "नेश" म्हणजे जरासुद्धा थंडी न सोसणारा. आणि "पूअरली" हा शब्द साध्या सर्दीपासून थेट अत्यवस्थ पेशंटपर्यंत सगळ्यांसाठी ऐकू येईल, तेव्हा तो ऐकला की पुढचं नीट विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथल्या जुन्या पिढीला दुखणं कमी करून सांगायची सवय आहे. ऐंशी वर्षांच्या आजी "ओह, नॉट टू बॅड, जस्ट अ बिट अनकम्फर्टेबल" म्हणतात आणि वर "आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर" असंही जोडतात. आपल्याकडे पेशंट कण्हतो, नातेवाईक धावत येतात. इथे तसं काही होत नाही. "अ बिट" या शब्दावर विसंबून पुढच्या बेडकडे जाऊ नका. ० ते १० मध्ये किती दुखतंय ते विचारा, चेहरा बघा, कूस बदलताना त्या श्वास धरतात का ते बघा, ऑब्झ पुन्हा घ्या.

आता थेट बोलण्याचा भाग. इथे मी मुद्दाम जास्त सांगणार आहे, कारण याच्यावर पेशंटचा जीव अवलंबून असतो.

डॉक्टरांना फोन करायचा तर एसबार पद्धतीने: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज आणि तुमची शिफारस. ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तरी प्रत्यक्ष फोनवर आपल्या मुलींची शेवटची पायरी गळते. सगळी माहिती देतात आणि "सो, डॉक्टर..." म्हणून थांबतात. कारण काय करायचं हे नर्सने डॉक्टरला सुचवायचं नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. इथे ते सुचवणं हे तुमचंच काम आहे.

समजा, खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या ७८ वर्षांच्या आजी आहेत. फोन उचलताच नाव, हुद्दा, वॉर्ड, बेड नंबर सांगा. मग लगेच न्यूज स्कोअर, म्हणजे ऑब्झवरून पेशंट किती बिघडलाय ते दाखवणारा आकडा: "हर न्यूज स्कोअर वॉज वन धिस मॉर्निंग, इट इज सेव्हन नाऊ." सात आणि त्यावर म्हणजे इमर्जन्सी, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. त्यानंतर श्वास २६, ऑक्सिजनशिवाय सॅच्युरेशन ९३, नाडी ११२, बीपी आणि ताप ठीक, शुद्ध नीट. तुमचा अंदाज एका वाक्यात: "आय ॲम वरीड अबाउट हर चेस्ट, इट कुड बी अ क्लॉट ऑर ॲन इन्फेक्शन." आणि मग न अडखळता: "आय नीड यू टू कम अँड सी हर नाऊ, प्लीज. व्हॉट वुड यू लाइक मी टू डू व्हाइल आय वेट?" इथे "इफ इट्स पॉसिबल", "सॉरी टू डिस्टर्ब" असल्या गोष्टी नकोत. एक "प्लीज" पुरे.

समोरून टाळाटाळ झाली तर आवाज न चढवता तीन पायऱ्या चढायच्या: "आय ॲम कन्सर्न्ड", "आय ॲम अनकम्फर्टेबल विथ धिस", "धिस इज अ सेफ्टी इश्यू". तिसरं वाक्य ऐकल्यावर सहसा कुणी फोन ठेवत नाही. तरीही कुणी आलं नाही तर नर्स इन चार्जला सांगा, बिघडणारे पेशंट बघायला येणाऱ्या आउटरीच टीमला बोलवा, आणि पेशंट कोसळतोय असं दिसलं तर सरळ हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर २२२२ फिरवा. किती वाजता कुणाला फोन केला, काय उत्तर मिळालं, ते नोट्समध्ये लिहून ठेवा.

फोनवर आकडे सुटे सांगा. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" आपल्या उच्चारात फारच जवळ येतात, म्हणून "फिफ्टीन, वन फाइव्ह". लॅबमधून पोटॅशियमचा रिपोर्ट सांगितला तर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. "व्ही" आणि "डब्ल्यू"चाही घोळ होतो. "व्ही" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, "डब्ल्यू"ला ओठ गोल करा.

कळलं नाही तर मान डोलावू नका. आपलं मान हलवणं इथे कुणाला नीट वाचता येत नाही, आणि "येस" म्हटलंत तर समजलं असंच धरलं जातं. "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट, कुड यू से इट अगेन?" हे दिवसातून कितीही वेळा म्हणा. औषधाच्या बाबतीत तर ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घ्या.

कॅन्युला, आयव्ही यांचं साइन-ऑफ, म्हणजे हे तुम्हाला जमतं अशी मान्यता, इथे नव्याने घ्यावं लागतं, भारतात हजारो लावलेल्या असल्या तरी. राग येतो, साहजिक आहे. "आय हॅव डन धिस फॉर इयर्स इन इंडिया, आय जस्ट नीड साइनिंग ऑफ हिअर. कुड यू वॉच मी डू वन टुडे?" असं म्हटलं की अनुभवही समोर येतो आणि कामही होतं.

कानाला सवय लावायला बीबीसीचं स्थानिक रेडिओ केंद्र ऐका, बीबीसी साउंड्स ॲपवर मिळतं. फोन करून बोलणारे श्रोते तुमच्या पेशंटसारखेच बोलतात. वॉर्डाच्या प्रॅक्टिस एज्युकेटरला, म्हणजे स्टाफला शिकवणाऱ्या नर्सला, सांगून फोनवरच्या एसबारचा सराव मागा. दुसरी मराठी नर्स ड्युटीवर असली तरी पेशंटसमोर आपसात मराठीत बोलू नका, त्यांना आपल्याबद्दलच चाललंय असं वाटतं. ब्रेकमध्ये स्टाफरूममध्ये बोला की. एखाद्या पेशंटला इंग्रजी येत नसेल आणि तुम्हाला त्याची भाषा येत असेल तर पाणी हवंय का, दुखतंय का, एवढं जरूर विचारा. पण संमती किंवा निदानाचं बोलणं असेल तेव्हा इंटरप्रिटरच बोलवायला सांगा.

तुमच्या उच्चाराची कुणी वारंवार टिंगल केली तर ती सोसायची नसते. तारीख, वेळ, नेमके शब्द लिहून ठेवा, सिस्टरच्या वरच्या मॅट्रनना सांगा. तिथे ऐकलं नाही तर तुमच्या युनियनकडे किंवा ट्रस्टच्या (हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेच्या) फ्रीडम टू स्पीक अप गार्डियनकडे, म्हणजे स्टाफच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या व्यक्तीकडे, जा.