ऑपरेशनआधीचं कर्बोदकांचं पेय: किती, कसं, केव्हापर्यंत

‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हा सरसकट नियम आता भूलशास्त्राच्या मार्गदर्शक सूचनांत राहिलेला नाही. आधीपासून ठरलेल्या शस्त्रक्रियेत आरपार दिसणारी पेयं भूल देण्याआधी 2 तासांपर्यंत चालतात. हलकं खाणं मात्र 6 तास आधी थांबवायचं, तेलकट-तुपकट 8 तास आधी.

लांबलेला उपास आणि त्यावर शस्त्रक्रियेचा ताण, यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. साखर चढते, स्नायू झिजतात. ऑपरेशनआधी दिलेलं कर्बोदकांचं, म्हणजे साखर-पिष्टमय पदार्थ विरघळवलेलं, पेय ती अडचण कमी करतं. भूक, तहान आणि घालमेलही कमी होते. गुंतागुंत टळते असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

नेहमीचं प्रमाण असं: आदल्या रात्री 800 मिलीत 100 ग्रॅम कर्बोदकं, सकाळी 400 मिलीत 50 ग्रॅम. काही ठिकाणी फक्त सकाळचंच देतात.

पावडर माल्टोडेक्स्ट्रिनची (पिष्टापासून बनवलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या कर्बोदकाची) घ्या. 300 मिली उकळून गार केलेल्या पाण्यात 50 ग्रॅम थोडी थोडी टाकत ढवळा. एकदम ओतली तर गाठी होतात. पूर्ण विरघळली की पाणी घालून एकूण 400 मिली करा. ग्लास उजेडात धरून पाहा. पलीकडचं स्पष्ट दिसलं तरच ते पेय चालेल. दूध, प्रोटीन पावडर, गर असलेला रस यांतलं काहीही मिसळू नका. ते जठरात रेंगाळतं आणि भूल दिल्यावर उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

माल्टोडेक्स्ट्रिनऐवजी तितकंच ग्लुकोज घातलं तर द्रावण फार तीव्र होतं, जठर सावकाश रिकामं होतं आणि मळमळतं. खेळाडूंच्या पेयात साधारण 6 टक्केच कर्बोदकं असतात, म्हणजे 400 मिलीत निम्मीच मात्रा. ती भरून काढायला दुप्पट पिऊ नये. शुगर-फ्री पेयाचा तर इथे उपयोगच नाही.

सगळ्यात जास्त चुका वेळेत होतात. 2 तास मोजायचे ते भूल देण्याच्या वेळेपासून, चिरा घेण्याच्या नव्हे. आणि पेय संपल्यापासून, सुरू केल्यापासून नव्हे. भूल 9 ला असेल तर साडेसहाला प्यायला घ्या, सातच्या आत ग्लास रिकामा हवा. घोट घोट करत तासभर लांबवू नका. संपल्याची वेळ कागदावर लिहा, भूलतज्ज्ञ ती हमखास विचारतात.

तातडीचं ऑपरेशन, आतड्यात अडथळा किंवा जठर सावकाश रिकामं होण्याचा आजार असेल तर हे पेय देत नाहीत. मधुमेह, जोराचं आम्लपित्त, गरोदरपण, किंवा वजन वा साखर कमी करणारं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर निर्णय भूलतज्ज्ञांचाच. हे त्यांना आदल्या तपासणीतच सांगा, टेबलावर नव्हे.

ऑपरेशन ठरलेल्या वेळेआधी घ्यायचं झालं तर पेय कधी संपलं ते लगेच कळवा. पुढे ढकललं तर आपल्या मनाने दुसरा ग्लास देऊ नका, पण पाणी द्यायचं का हे जरूर विचारा. नाहीतर रुग्ण दुपारपर्यंत विनाकारण कोरडा राहतो.