हृदयाच्या स्पेक्ट चित्रणासाठी वक्र डिटेक्टरचे सिम्युलेशन कसे करावे

स्पेक्ट म्हणजे शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या गामा किरणांवरून त्रिमितीय प्रतिमा काढण्याची पद्धत. सपाट गामा कॅमेऱ्यासमोर पिनहोल, म्हणजे धातूच्या पट्टीतले बारीक छिद्र, ठेवले, की कडेला तिरके पडणारे फोटॉन (गामा किरणांचे कण) डिटेक्टरच्या स्फटिकात किती खोलवर जाऊन थांबले हे कळत नाही आणि त्यांची नोंद चुकीच्या जागी होते. ४५ अंशांनी आलेला फोटॉन ९.५ मिमी जाडीच्या सोडियम आयोडाइडच्या तळाशी थांबला, तर ती नोंद तब्बल ९.५ मिमी बाजूला सरकते. स्फटिक पिनहोलला केंद्र मानून वळवला, तर किरण त्यावर लंब पडतात आणि हा दोष जवळपास नाहीसा होतो. दंडगोलाकार स्फटिकात मात्र हा फायदा एकाच प्रतलात मिळतो, अक्षाच्या दिशेने तिरकेपणा राहतोच. तरीही सुरुवात दंडगोलापासूनच करावी, कारण तो न ताणता उलगडून सपाट करता येतो, गोलपृष्ठ तसे करता येत नाही.

कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर घडवणाऱ्या जिआंट४ किंवा त्यावर आधारलेल्या गेट या प्रणालीत स्फटिकासाठी नळीचा तुकडा घ्यावा: आतली त्रिज्या १०० मिमी, बाहेरची १०९.५ मिमी आणि कोनाचा विस्तार ९० अंश. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या तुकड्याचा स्थानिक आरंभबिंदू स्फटिकाच्या मध्यावर नसून नळीच्या अक्षावर असतो. मी तो विसरून तुकडा १०० मिमी मागे सरकवला होता. प्रतिमा दिसायला ठीक होती, फक्त मधोमध दुप्पट मोठी. पिनहोल याच अक्षावर टंगस्टनच्या पट्टीत, टोकाला टोक जोडलेल्या दोन शंकूंच्या आकारात कोरावे आणि घटक एकमेकांत घुसले नाहीत याची तपासणी चालवूनच पुढे जावे.

हृदयाची प्रतिकृती लगेच आणू नये. पिनहोलच्या प्रतलापासून १५० मिमीवर हवेत टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा, म्हणजे १४०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, बिंदुस्रोत ठेवावा. ५ मिमी व्यासाच्या छिद्रासाठी समोरच्या स्रोताची संवेदनशीलता म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले अंतराच्या वर्गाची १६ पट. म्हणून १ कोटी फोटॉन सोडले, तर सुमारे ७०० छिद्रातून पार व्हायला हवेत. छिद्राची धार भेदून जाणारे थोडे अधिक. आकडा काही पटींनी निराळा आला, तर चूक रचनेत आहे असे समजावे.

मग स्रोत ५० मिमी बाजूला न्यावा. कोन १८.४३ अंश होतो, म्हणून कंसावर मध्यापासून ३२.२ मिमी अंतरावर नोंद यायला हवी. ती ३३.३ मिमीवर आली, तर कुठेतरी अजून सपाट प्रक्षेपणच वापरले जात आहे. मध्याजवळ हा फरक इतका लहान असतो की नजरेतून निसटतो. १०० मिमीवर मात्र ५८.८ आणि ६६.७ असा ढळढळीत दिसतो.

खरा डिटेक्टर नोंदीची जागा थोडी अंदाजेच सांगतो, म्हणून सिम्युलेशनमध्येही ती मुद्दाम धूसर करतात. ही अवकाशीय धूसरता क्ष-य-झ अक्षांवर लावू नये, कारण त्यामुळे बिंदू वक्र पृष्ठभाग सोडून बाहेर पडतात. आंतरक्रियेच्या जागेचे आधी कोनात आणि अक्षावरील उंचीत रूपांतर करावे, मग धूसरता लावावी. धूसर ठिपक्याची अर्धउंचीवरील रुंदी ३.५ मिमी धरली, तर प्रमाण विचलन १.४९ मिमी, म्हणजे या त्रिज्येवर ०.८५ अंश होते. ऊर्जेची धूसरता सुमारे १० टक्के आणि खिडकी, म्हणजे स्वीकारायच्या ऊर्जेची मर्यादा, १२६ ते १५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवता येते.

वेळ वाचवण्यासाठी फोटॉन फक्त पिनहोलच्या दिशेच्या अरुंद शंकूत सोडण्याचा मोह होतो. ५ अंश अर्धकोनाच्या शंकूत एकूण उत्सर्जनाचा केवळ हजारातला १.९ वाटा येतो, तेव्हा मोजणीला त्या वाट्याने गुणावे. ही युक्ती हवेतल्या चाचणीपुरतीच ठेवावी. शरीरात दिशा बदलून आलेले विकिरित फोटॉन ती सरसकट वगळते.

हे जुळल्यावर पाण्याने भरलेल्या छातीच्या आकारात सुमारे १० मिमी जाड भिंतीचा अर्धलंबगोल डावी जवनिका (हृदयाचा खालचा डावा कप्पा) म्हणून ठेवावा आणि एका भागातील किरणोत्सार कमी करून रक्तपुरवठ्याचा दोष दाखवावा. टेक्नेशियमऐवजी थॅलियम-२०१ वापरायचे असल्यास कॉलिमेटरचा, म्हणजे पिनहोल असलेल्या पट्टीचा, धातू जपून निवडावा: शिशाचे ७३ आणि ७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण नेमके त्याच्या खिडकीत शिरतात.